कडेची जागा

पुण्यात आयुष्य काढून एकदाही सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला न गेलेला माणूस ओळखायचा असेल, तर डिसेंबरातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बसावं. "यंदा सवाईला कोण कोण आहे हो?" असा प्रश्न कोपऱ्यातून येतोच. त्या क्षणी जो ताटातल्या कोशिंबिरीकडे अतिशय एकाग्रतेनं बघू लागतो, तोच तो. अशा कोशिंबिरी मी भरपूर बघितल्या आहेत.

गाण्याशी माझं वैर नाही. घरात कोणी नसलं की मी तासन् तास ऐकते, राग ओळखते, चुकीचा ओळखला तर स्वतःशीच ओशाळते. वैर आहे ते गर्दीच्या मधोमध बसण्याशी. नाटकाला कडेची खुर्ची मिळाली नाही तर पहिला अंक मला कळत नाही. लग्नात मी हॉलच्या दाराशी उभी राहून अक्षता टाकते. त्यातल्या बऱ्याचशा मधल्या कुठल्या तरी काकांच्या टकलावर पडतात. डॉक्टरांनी याला अँग्झायटी डिसऑर्डर असं नाव दिलं. आत्या म्हणते, "हिचं जरा हळवं आहे."

पुणेकराच्या मनातही पाट्या असणारच. माझ्या मनातल्या सगळ्या धोक्याच्या आहेत. 'येथे बसल्यास छातीत धडधडेल.' 'धडधडल्यास मधून उठता येणार नाही.' 'उठल्यास सर्वजण वळून बघतील, व्यवस्थापनाशी वाद घालू नये.' व्यवस्थापन मीच आहे, पण वाद मलाही घालता येत नाही.

यंदा आत्यानं मला न विचारता दोन सीझन तिकिटं काढली. भारतीय बैठकीची. मी खुर्चीचं सुचवून पाहिलं. "खुर्चीत बसून दाद देता येत नाही," ती म्हणाली, "हात अडकतो." आत्या रमणबागेच्या काळापासूनची. रात्रभर चालणारं सवाई तिनं ऐकलं आहे. दुलया, थर्मास, मांडीवर झोपलेली पोरं, पहाटेची थंडी आणि शेवटी भीमसेनजी. महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला तो २०१८ साली. पण आत्या अजून "रमणबागेत जायचंय" असंच म्हणते आणि रिक्षावाल्याशी भांडते.

ज्यांनी हे सगळं उभं केलं, त्यांच्या तयारीविषयी वाचलं की मला कसंसंच होतं. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. हे भीमसेन जोशी १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरू शोधायला घरातून निघाले होते. खिशात पैसे नाहीत, हातात पत्ता नाही. गाडीत गाणी म्हणत, विनातिकीट, ग्वाल्हेर करत थेट जालंधरपर्यंत पोचले. आणि एवढा मुलूख पालथा घातल्यावर गुरू मिळाले ते गदगपासून फार लांब नसलेल्या कुंदगोळात. मी त्यांच्या जागी असते तर आधी कुंदगोळात चौकशी केली असती, तिथल्या गेटवर वॉचमन असतो का ते विचारलं असतं आणि जालंधरच्या गाडीला आरक्षण नाही म्हणून परत घरी आले असते. भारतरत्न बहुधा दुसऱ्या कुणाला मिळालं असतं.

तिकिटं आल्याचं मी समुपदेशक मॅडमना सांगितलं ते जरा आशेनं. त्या म्हणतील, "इतक्यात नको." पण त्या खूश झाल्या. त्यांचं एक आवडतं म्हणणं आहे आणि ते मला पटतं, म्हणूनच आवडत नाही. घाबरून जाणं टाळलं की लगेच बरं वाटतं. मेख आहे ती त्या बरं वाटण्यातच. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की धोका खरा होता आणि पळालो म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळची भीती आणखी लठ्ठ होऊन येते. उलट जागच्या जागी थांबलं, तर धडधड वर चढते आणि काहीही न करता बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरायला लागते. "पण ती उतरताना बघायला तुम्ही तिथं हव्यात," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला फार छान आहे. म्हणणाऱ्याचं तिकीट काढलेलं नसतं.

मग तयारी सुरू झाली. मॅडमचा पहिला धडा: मैदान रिकामं असताना बघून या. गेले. मुलं खेळत होती. गेटवरच्या माणसानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?" पुढच्या आठवड्यात मला इथं घाबरायचं आहे, त्याची जागा बघायला आले, हे खरं उत्तर मी गिळलं आणि "सहज" म्हणाले. बाहेर पडायच्या वाटा आणि स्वच्छतागृहं कुठं असतील याचा अंदाज मात्र घेऊन आले.

दुसरा प्रश्न जाण्याचा. आता स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आहे आणि ती मुठा नदीच्या खालून जाते. पूर्वी मला लकडी पुलावर गाडी अडकण्याची भीती वाटायची. प्रगती झाली आणि आता नदीच्या तळाखाली अडकण्याची वाटते. हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "नदीत पाणी कुठंय घाबरायला?"

पिशवीत काय काय घेतलं ते सांगत नाही, कारण सांगायला लागले तर संपादक जागा देणार नाहीत. शाल, कानटोपी आणि उशी सगळेच नेतात. लिमलेटच्या गोळ्या, ओवा, आवळासुपारी, डॉक्टरांनी 'लागलीच तर' म्हणून दिलेली गोळी आणि ती गोळी हरवलीच तर म्हणून दुसरी गोळी हे माझं खास. आत्यानं पिशवी उचलून बघितली. "सवाईला निघालीस की काशीला?" मग तिच्या हाताला इअरप्लगची डबी लागली. गर्दीचा गोंगाट फार झाला तर असावेत म्हणून घेतले होते. ते काय आहे हे समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे तिथं बाहेर काढू नकोस. गाणाऱ्यानं पाहिलं तर तो काय समजेल?" इअरप्लग घरी राहिले.

खरी अडचण कॉफीची झाली. कॅफीननं धडधड वाढते, म्हणून मॅडमनी कॉफी बंद केलेली. आणि कॉफीशिवाय सवाई ही कल्पना आत्याच्या घराण्यात बसत नाही. तिच्या मते चांगल्या बंदिशीनंतर कॉफी आणि वाईट बंदिशीच्या दरम्यान कॉफी, असा साधा नियम आहे. शेवटी मी कप हातात धरायचा आणि आत्यानं दोन्ही प्यायच्या, अशी तडजोड झाली.

पण ज्याला मी खरी तालीम म्हणेन, ती झाली घरी, अंधार पडताना. मॅडमनी सांगितलं होतं की रोज थोडा वेळ अस्वस्थ वाटू द्या आणि त्यावर काहीही इलाज करू नका. अस्वस्थ होण्यासाठी मला सहसा मदत लागत नाही. तरी मी मारवा लावला. मारवा हा दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचा राग. त्यात पंचम नाहीच. षड्ज आहे, पण तो मिळत नाही. ज्या स्वराच्या आधारावर आपलं सगळं गाणं उभं, त्याच्याभोवती गायक फिरत राहतो. कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर जाऊन बसतो, आता येणार असं वाटतं आणि पुन्हा निघून जातो. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या जुन्या एलपीत एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. पहिल्यांदा मी अर्ध्यातच दरबारीकडे पळाले. तिथं निदान माणसाला बसायला जागा आहे.

मग मॅडमचं टाळण्याचं पुराण आठवलं आणि पुन्हा मारवा लावला. खोलीत दिवा न लावता बसले. खाँसाहेब विलंबितात एकेक स्वर ठेवत होते, कसलीही घाई नाही. रात्री दोनला माझ्या डोक्यात जे चालतं तेच होतं ते: काहीतरी राहिलंय, काहीतरी पोचायचंय, अजून नाही, अजून नाही. फरक एवढाच की ते या 'अजून नाही'ला घाबरत नव्हते. त्यांनी ते छान पसरून ठेवलं होतं, जणू लोकांनी बघायला यावं. षड्जाची घाई त्यांना नव्हतीच, ती मला होती. आणि शेवटी तो आला तेव्हा इतका थोडा वेळ थांबला की मला हसू आलं. हे माझ्या आजारावरचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. राग ऐकून रोग बरे होतात असं सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब असते. पण अस्वस्थपणा इतक्या शिस्तीनं गाता येतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं होऊनही कार्यक्रमपत्रिका हाती आल्यावर मी नव्यानं घाबरले. तीत गायकाचं नाव होतं, साथीदारांची होती. राग कोणता, ते कुठंच नव्हतं. किती वेळ गाणार, तेही नाही. ज्या माणसाला हॉटेलात जाण्याआधी घरी मेनूकार्ड पाठ करावं लागतं, त्यानं काय करायचं? "आधीच कसं सांगतील?" आत्या म्हणाली. "तानपुरे लागेपर्यंत कधीकधी गाणाऱ्याचंही ठरलेलं नसतं." म्हणजे पुढं काय होणार हे व्यासपीठावर बसलेल्यालाही ठाऊक नाही आणि तरी तो जरीचा कुर्ता घालून शांतपणे तिथं बसतो. मला हे धाडस कळेना.

एका गोष्टीचा आधार मात्र होता आणि तो मी आत्याला सांगितला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते तेवढीच. या नियमानं रसिकांचं काय नुकसान केलं ते आत्या दर डिसेंबरात मोजून दाखवते: उत्तररात्र गेली, पहाटेचा ललत गेला, ज्या रागांची वेळच दहानंतर सुरू होते ते पोरके झाले. तिचं सगळं खरं आहे. पण चिंतेच्या माणसाला शेवट कधी आहे हे कळणं किती मोठं असतं, ते तिला कसं सांगू? ती हळहळायची, मी मान हलवायची आणि आतल्या आत दहाच्या ठोक्याचे आभार मानायची.

माझी सगळ्यात मोठी भीती तिला सांगितली ती अगदी आदल्या रात्री. मधेच उठावं लागलं तर? हजारो लोक मांडी घालून बसलेले, व्यासपीठावर एवढा मोठा कलावंत आणि मी पिशवी सावरत, लोकांच्या गुडघ्यांवर पाय देत बाहेर पडतेय. आत्या हसली नाही, आश्चर्यानं बघत राहिली. "अगं, सवाईला सगळे उठतातच की! कुणाला भजी, कुणाला कॉफी, कुणाला फोन. पुढच्या कलाकाराचं माहीत नसलं तर गप्पा मारायला उठतात. कोण कोणाकडे बघतंय? स्टॉलपाशी गर्दी कधी कमी बघितलीस का?" कधी बघितलीच नव्हती, हाच तर प्रश्न होता.

आणि ती म्हणाली तसंच निघालं. पहिल्या दिवशी आम्ही सतरंजीच्या अगदी कडेला बसलो. तानपुरे जुळायला लागले आणि माझं जुळेनासं झालं. हात गार, घसा कोरडा, मनातल्या सगळ्या पाट्या एकदम उजळल्या. पहिला कलाकार आलापीत असतानाच मी उठले. उठताना ज्यांच्या पायाला पाय लागला त्या गृहस्थांनी डोळे न उघडता पाय आत घेतला. बाहेर माझ्यासारखे शेकडो लोक उभे होते. कोणी कांदाभजी खात होतं, कोणी सीडी चाळत होतं, एक आजोबा फोनवर घरी विचारत होते की गॅस बंद केला का. ते माझेच कोणी लागत असावेत. मी पाणी प्यायले, श्वास मोजला, धडधड चढली आणि मॅडमनी सांगितलं होतं तशी, मुकाट, उतरली. लागलीच तर म्हणून दिलेली गोळी लागली नाही. परत गेले तेव्हा त्या गृहस्थांनी पुन्हा डोळे न उघडता पाय आत घेतला आणि आत्या म्हणाली, "माझी कॉफी कुठंय?"

पाचही दिवस गेले असं सांगितलं तर गोष्ट बरी दिसेल, पण तसं झालं नाही. मधला एक दिवस मी घरीच बसले आणि आत्यानं माझ्या तिकिटावर शेजारच्या बाईंना नेलं. शेवटच्या दिवशी मात्र होते. सगळी गाणी झाल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, तीही ऐकली, बसून, पूर्ण.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात मुकुंदनगरला भारतीय बैठकीच्या कडेला बसलेली एखादी बाई तानपुरे जुळत असतानाच उठून गेली, तर तिला गाण्यातलं काही कळत नाही असं समजू नका. तिची जागा मोकळी दिसली तरी तिथं उशी ठेवू नका आणि ती परत येईल तेव्हा पाय तेवढे आत घ्या. डोळे उघडायची गरज नाही.