सेल आतच?

सांत्वनाला गेलेल्या माणसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नये. मागल्या महिन्यात सी विंगमधले आजोबा गेले. आम्ही सोसायटीतले सहा जण चपला बाहेर काढून, चेहरे पाडून सतरंजीवर बसलो होतो. कोणी काही बोलत नव्हतं. समोरचं घड्याळ पावणेचारावर थांबलेलं. काकांनी पाच मिनिटं कशीबशी कळ काढली आणि मग आजोबांच्या मुलाकडे झुकून अत्यंत कोमल आवाजात विचारलं, "सेल आतच?"

"हो, सगळे आतच आहेत," तो डोळे पुसत म्हणाला. "आई जरा पडलीय."

तोवर काकांनी स्टूल ओढलं होतं.

हा माणूस तुमच्याही इमारतीत आहे. बंद पडलेली वस्तू दिसली की आधी तिला पालथी घालणारा आणि पाठीवरचं झाकण अंगठ्याने सरकवणारा. आमच्याकडे त्यांना सेलकाका म्हणतात. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे त्यांनी मला तीनदा सांगितलंय, पण ते सांगत असताना माझा रिमोट त्यांच्या हातात असतो, त्यामुळे लक्ष लागत नाही.

काकांजवळ श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. लग्नाला गेले तरी काकूंच्या पर्समध्ये तो असतो. आत दात घासून निवृत्त झालेले दोन ब्रश (मऊ आणि मध्यम), कान साफ करायचे बड्स, खोडरबर, औषधाच्या बाटलीत व्हिनेगर, पुडीत खायचा सोडा. अर्धं लिंबू ज्या घरी जातील तिथे मागतात. आमच्याकडे आल्यावर ते "लिंबू आहे का?" म्हणाले, म्हणून बायकोने कौतुकाने सरबत केलं. काकांनी ते मान हलवत प्यायलं आणि म्हणाले, "आता साखर न घातलेलं द्या."

निदान मात्र वैद्याचं. झाकण उघडलं की चष्मा कपाळावर, डोळा वस्तूच्या पोटात. पांढरं, मिठासारखं फुललेलं दिसलं तर "अल्कलाइन. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बाहेर येऊन हवा खातं आणि त्याचं कार्बोनेट होतं. याला आंबट लावायचं." ओलसर, चिकट, गंजाळलेलं असेल तर "साधा सेल. याची प्रकृती आम्लाची. याला सोडा." हिरवं दिसलं की आवाज खाली येतो, "तांब्यापर्यंत गेलंय." त्यानंतर वाताचं चूर्ण पित्ताला दिलं तर काय होतं, यावर दहा मिनिटं. हे सगळं ते दुधाच्या धुतलेल्या पिशव्या दोन्ही हातांना रबरबँडने बांधून करतात, कारण ते पांढरं कातडीला चावतं. दारात कुणी नवा माणूस आला की त्या पिशव्यांकडे बघून तो परत जातो.

साध्या सेलबद्दल बोलताना काका जरा तत्त्वज्ञ होतात. त्याचा जस्ताचा डबा म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. तोच ऋण टोक आणि तोच सरपण. "आपण गाणी ऐकतो तेव्हा तो स्वतःच्या घराच्या भिंती खात असतो. भिंत संपली की पाणी बाहेर येणारच. यात सेलचा काय दोष?" दोष नेहमी माणसाचा. तो आळशी असतो, सेल आतच ठेवतो, आणि वर एक जुना एक नवा घालतो. ओळीत लावलेल्या सेलमध्ये म्हातारा आधी थकतो, तरणा त्याला ढकलत राहतो, ढकलता ढकलता उलटा चालवतो, आणि म्हातारा पाझरतो. हे सांगताना ते मुलाकडच्या, म्हणजे बंगळुरूच्या दिशेने का बघतात, हे मी विचारलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात कुठल्याच वस्तूत सेल नसतात. बातम्या संपल्या की रिमोटचे सेल निघतात. दारावरच्या बिनतारी बेलमधले तर कायमचेच निघालेत. पाहुणे कडी वाजवतात. बेडरूममधलं घड्याळ गणपतीत कोकणात गेले त्या पहाटेची वेळ दाखवतं. आणि टॉर्च! दिवे गेले की टॉर्च लगेच सापडतो, कारण तो खिळ्यालाच टांगलेला आहे. सेल बिस्किटांच्या डब्यात असतात. तो डबा अंधारात शोधायला टॉर्च लागतो. काकू मेणबत्ती लावतात, गेली चाळीस वर्षं.

सोसायटीने मध्ये एक आपत्कालीन पेटी घेतली. नारळ फोडून, अध्यक्षांच्या हस्ते. शिट्टी, दोर, टॉर्च आणि हातात मावणारा एक रेडिओ, काचेच्या कपाटात कुलूपबंद. दोन वर्षांनी एका पावसाळी रात्री वीज गेली तेव्हा किल्ली शोधून पेटी उघडली, तर शिट्टी तेवढी वाजली. बाकी सगळ्याला मिठागराची कळा आलेली. कमिटी एकमेकांकडे बघत होती. काका गर्दीतून पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न ठरल्याचा आनंद होता.

"सेल आतच?"

आपत्ती पाण्याची होती की प्रश्नाची, यावर कमिटीत अजून एकमत नाही.

काकांना राग येतो तो एकाच गोष्टीचा, पॉलिश पेपरचा. एकदा मी घाईत एका पट्टीवर तो फिरवला आणि चकाकी आली म्हणून अभिमानाने दाखवायला गेलो. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निकेलचा मुलामा काढलात. आता आतलं लोखंड उघडं पडलं. पहिल्या पावसात गंजेल." आठवडाभर ते मला जिन्यात ओळखेनात.

एवढं करून हा गृहस्थ रेडिओ ऐकत मात्र नाही. साफ केला, पुसला, सेल घातले, चालू केला, खरखरीतून एखाद्या गाण्याची ओळ आली की "लागला!" आणि खट्. बंद. सेल बाहेर. ध्रुवपदाच्या पुढे गेलेलं गाणं मी त्यांच्या हातात ऐकलेलं नाही.

गेल्या रविवारी माळा आवरताना बाबांचा ट्रान्झिस्टर सापडला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, फडक्यात गुंडाळलेला. झाकण उघडलं आणि मी ते पुन्हा लावलं. काकांकडे न्यायचं म्हणजे तो प्रश्न ऐकणं आलं. तरी नेला.

काकांनी झाकण सरकवलं. चष्मा कपाळावर. मी वाट बघत उभा राहिलो. ते काही बोलले नाहीत. ब्रशच्या दांड्याने एक सेल अलगद उचकटला, पुसला, उजेडाकडे धरला. "मुदत मार्च २०१६. म्हणजे चौदा-साली घेतला असेल."

"बाबा चौदाच्या दिवाळीत गेले."

"मग हे त्यांनीच घातलेत," काका म्हणाले, आणि दुधाच्या पिशव्या शोधायला आत गेले.

एरवी तासाभराचं काम, याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच घेऊन आले. "स्टेशनच्या काट्याला हात लावलेला नाही. होता तिथेच आहे." काटा ७९२च्या आसपास होता, पुणे आकाशवाणी. चालू केला तर नुसती खरखर. हल्ली घरातले एलईडी दिवे आणि चार्जरच जास्त बोलतात. मी तो उचलून खिडकीत ठेवला, बाबा ठेवायचे तसा तिरका, कोपरा गजाला टेकवून. आवाज निवळला.

काका बघत राहिले. "मीडियम वेव्हचा एरियल आत असतो, फेराइटची कांडी. तिने स्टेशनकडे टोक नाही, कूस करायची असते." मग जरा थांबून, "तुमच्या वडिलांना माहीत होतं."

एवढी स्तुती त्यांनी आजवर माणसाची केलेली नाही.

कुणीतरी उसावरच्या हुमणीबद्दल सांगत होतं. आमच्या सात पिढ्यांत ऊस नाही, पण आम्ही दोघं ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिलो. संपल्यावर मी शहाण्या विद्यार्थ्यासारखा रेडिओ बंद केला, पालथा घातला आणि झाकणावर अंगठा ठेवला. काकांनी माझा हात बाजूला केला.

"राहू देत आतच."

आणि श्रीखंडाचा डबा काखेत मारून निघाले. दोन पायऱ्या उतरले असतील-नसतील, जिन्यातून आवाज आला, "मे अखेर काढा! आणि नवे घालाल ते दोन्ही एकदम!"