उष्णतेचं अन्नछत्र

माणसाने आयुष्यात एकदा तरी दीड टनाचा एसी घ्यावा आणि त्याचं आउटडोअर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टांगावं. मी दोन्ही कामं एकाच दिवशी उरकली. गेल्या एप्रिलात, ठाण्यात, दुसऱ्या मजल्यावर.

जागा खरं तर मेकॅनिकने निवडली. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गच्चीवर न्यायचं तर जादा पाइपचे फुटावर पैसे लागतील. इथे डक्टमध्ये लावलं तर आलेल्या पाइपात भागतं, वर अडीच फूट उरतो." समोर हात लांबवला तर गज हाताला लागतील इतक्या अंतरावर काकांची झोपायची खोली होती. पण अडीच फूट तांबं! शेजार काय, आज आहे, उद्या पुनर्विकासात जाईल. तो अडीच फुटी तुकडा मी माळ्यावर जपून ठेवला आहे.

एसी थंडी तयार करतो हा लोकांचा भाबडा समज. तो फक्त आपल्या घरातली उष्णता उचलतो आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन ओततो. यातला टनसुद्धा यंत्राच्या वजनाचा नव्हे. ते बर्फाच्या जमान्यातलं माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसायची ताकद म्हणजे एक टन. माझा एसी भरात आला की खोलीतून साधारण पाच किलोवॅट उष्णता उपसतो, तिच्यात स्वतःची दीड किलोवॅटची भर घालतो आणि सगळी काकांकडे पोचवतो. दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू केल्यासारखं. कोणता शेजारी एवढं देतो? आपल्याकडे वाटीभर साखर नेली तरी लोक लक्षात ठेवतात. शिवाय बिल मी भरतो. काकांनी अजून एकदाही त्यात वाटा उचललेला नाही, पण मी बोलून दाखवत नाही.

वर पाणीही देतो. ठाण्याच्या दमट हवेत ड्रेनच्या नळीला खंड नसतो. ती मी त्यांच्या छज्ज्याच्या पत्र्यावर सोडली आहे. रात्री टप्प. मग ऐकणारा पुढच्या थेंबाची वाट पाहतो. तो येत नाही. जरा डोळा लागतो, तेव्हा टप्प. काकूंनी पत्र्यावर जुनं पायपुसणं टाकून पाहिलं. आता थप्प असा आवाज येतो.

काका वाचणारे गृहस्थ. एका संध्याकाळी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम छापून घेऊन आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली होती. मी त्यांना एसीत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि त्याच कागदावरचं तक्रारीचं कलम दाखवलं. मर्यादा दहा डेसिबलने किंवा त्याहून जास्त ओलांडली तर तक्रार करता येते. दहा डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट! कायद्याचं मन एवढं मोठं असताना माणसाने कोतं का असावं? (त्याच वाक्यात पुढे रात्रीच्या निर्बंधांचंही काहीतरी आहे. तिथे मी पान उलटलं.) आउटडोअरच्या पायांखाली बसवायचे चार रबरी बुश पिशवीसकट माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, हेही सांगायचं राहून गेलं.

काकांनी नोकरी छापखान्यात काढली. निघताना त्यांनी माहिती पुरवली, की विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र रचलं, तेही दमटपणामुळे कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. माणसाच्या झोपेशी त्याचा काही संबंध नव्हता. "अजूनही नाही," असं चपला घालता घालता म्हणाले.

२०२०च्या जानेवारीपासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात, तशी सरकारनेच सोय केली आहे. सरकारचा मान राखून मी त्याला क्षणभर २४वर राहू देतो. मग १८ करतो आणि आजीची गोधडी पांघरतो. मे महिन्यात गोधडी पांघरण्याचं सुख ज्याने घेतलं नाही, त्याला वाढतं बिल म्हणजे काय ते कळायचं नाही.

सोसायटीच्या सभेत विषय निघाला होता. पार्किंगवर दोन तास गेले, चहा आला, विषय पुढच्या सभेवर गेला.

काकांनी मग खिडकीच बंद करून घेतली. बंद खोलीत पंखा पाचवर फिरवून जे व्हायचं ते झालं, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे दोन टनाचा खोका आला. मेकॅनिक तोच. मी गोधडीतून पाहत होतो. त्याने डक्टमध्ये डोकं घातलं, माझं आउटडोअर पाहिलं आणि म्हणाला, "काका, इथे नको. समोरासमोर आले तर दोन्ही एकमेकांची गरम हवा ओढतील. दोघांचंही गार होणार नाही."

काकांनी खिडकीतून शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले. "पाइप किती उरतो ते सांग."