औटकीचे भिंग

डिजिटल छायाचित्रणाचा प्राथमिक वर्ग म्हणजे, ज्याच्या घरी चांगला कॅमेरा आहे परंतु त्या कॅमेऱ्यावरील गोल चकती घरात आल्या दिवसापासून हिरव्या खुणेवरून हललेली नाही अशा गृहस्थास, ती चकती हलवण्याचे धैर्य शुल्क घेऊन देणारी व्यवस्था होय. हिरवी खूण ही ‘ऑटो’ची, म्हणजे सर्व निर्णय यंत्रावर सोपवल्याची खूण असून तिच्या आश्रयाने माणूस वर्षानुवर्षे सुखात राहू शकतो, कारण फोटो बिघडला तर दोष यंत्राचा आणि साधला तर नजर आपली, इतकी सोयीची वाटणी अन्य कोणत्याही कलेत आढळत नाही. वर्गात नाव घालावे की न घालावे हा प्रश्न म्हणूनच वरवर दिसतो तसा पैशाचा किंवा वेळेचा नसून ही वाटणी मोडावी की न मोडावी याचा आहे.

शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय, म्हणजे विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची प्रथा आहे. पैकी पहिल्या तिहींचा विचार वर्गचालकाने माहितीपत्रकात केलेला असतो. उरतो तो अधिकारी, म्हणजे हे शास्त्र शिकण्यास पात्र असा मनुष्य. हैदराबादेपुरते बोलावयाचे तर बरकतपुरा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत तो चटकन ओळखू येतो. तो नुकताच निवृत्त झालेला असतो, शाळेचे नाव निघाले की ‘आमची विवेकवर्धिनी’ म्हणून सुरुवात करतो, त्याचा मुलगा डॅलसला असतो आणि त्या मुलाने दोन दिवाळ्यांपूर्वी आणलेला कॅमेरा कपाटात, पैठणीच्या शेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात विसावलेला असतो. (भिंगावर बुरशी धरू नये म्हणून कोरडी हवा आणि सिलिका जेलची पुडी लागते, डांबराच्या गोळ्या नव्हेत, परंतु जे पैठणीला चालते ते कॅमेऱ्याला का चालू नये, या घरगुती आक्षेपापुढे तंत्रज्ञांनी आजवर हात टेकले आहेत.)

वर्ग नको असे म्हणणाऱ्या पूर्वपक्षास या शहराइतका भक्कम आधार दुसऱ्या कोठेही मिळणार नाही, आणि तो आधार म्हणजे लाला दीनदयाळ. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले आणि इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करणारे हे गृहस्थ १८७४च्या सुमारास, म्हणजे तिशीत, हौसेने कॅमेऱ्याकडे वळले. पुढे ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांच्या नावापुढे लागला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा आणि जंग म्हणजे युद्ध. तेव्हा कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाची घरच्यांशी जी स्थिती होते तिची दखल दरबारानेही घेतली होती, असे मानण्यास जागा आहे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यास या चरित्रातील निम्मे साम्य आपल्या ठिकाणी आधीच सिद्ध झालेले दिसते आणि उरलेले निम्मे वर्गाविना साधेल असा त्याचा ग्रह होतो.

हा ग्रह एका तपशिलापाशी अडखळतो. दीनदयाळ ज्या काळी या विद्येत शिरले त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती, म्हणजे काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन काळोखात ते उमटवायचेही. काच सुकली की खेळ संपला. एक चूक म्हणजे एक काच, काही रसायन आणि बराचसा मनस्ताप असा हिशेब असल्यामुळे ती काच हाच वर्ग होता आणि तिचे शुल्क दर चुकीला वसूल होत असे. आज चूक फुकट झाली आहे. नातीच्या बारशाचे सहाशे फोटो कार्डात पडून राहतात, त्यांतले सहाशेही सारखेच बिघडलेले असतात, आणि ते कोणी पाहत नसल्यामुळे ती चूक आहे हेच काढणाऱ्यास कळत नाही.

उत्तरपक्षाचा पुरावा मुंबईचा आहे. तेथील एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामांकित छायाचित्रकार झाले. त्यांनी १८७४ साली इंग्रजीत भगवद्‌गीतेवर भाष्यही प्रसिद्ध केले. कॅमेरा शिकलेला मनुष्य शेवटी कोठे जाऊन पोहोचतो याचा हा इशारा समजावा की आश्वासन, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अभ्यासक्रमातील भय मात्र अस्थानी आहे. ‘एक्स्पोजर’ म्हणजे चित्राला येणारा एकूण उजळपणा, आणि तो तीन गोष्टींवर ठरतो हे ज्याने दम बिर्याणी शिजताना पाहिली आहे त्यास वेगळे सांगावे लागत नाही: छिद्राचा आकार म्हणजे आच, पडदा उघडा राहण्याचा काळ म्हणजे दम, आणि ‘आयएसओ’ म्हणजे आच व दम दोन्ही कमी पडल्यावर वरून भुरभुरलेला मसाला, जो प्रसंग निभावून नेतो पण दाताखाली येतो, त्या येण्यालाच छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. खरी धांदल उडते ती छिद्राच्या आकड्यांपाशी, कारण एफ/२ हे छिद्र मोठे आणि एफ/१६ हे लहान, असा उलटा कारभार तेथे आहे. याचे कारण हा आकडा भागाकारातला आहे: ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे एफ/२ छिद्र २५ मिलिमीटरचे, तर एफ/१६ छिद्र जेमतेम ३ मिलिमीटरचे. पावकी, निमकी, पाऊणकी घोकून मोठी झालेली पिढी अपूर्णांकांना घाबरत नाही; छेद वाढला की वाटा घटतो हे तिला वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरूनही ठाऊक असते. शिवाय कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या भिंगावर बहुधा एफ/३.५ असे छापलेले असते आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी, जी आयुष्यात कोठे उपयोगी पडेल असा प्रश्न छडीच्या धाकाने तेव्हा विचारता आला नव्हता, तिचे प्रयोजन साठाव्या वर्षी सापडते.

असल्या वर्गाची सांगता रविवारी पहाटे चारमिनारपाशी होण्याची वहिवाट आहे. १५९१ची ही वास्तू चारी दिशांना कमान उघडून उभी असल्यामुळे सूर्य कोणत्याही बाजूने आला तरी तिचे काही अडत नाही, अडते ते फोटो काढणाऱ्याचे. जवळ उभे राहून कॅमेरा वर कलता केला की चारही मिनार एकमेकांच्या कानात काही सांगत असल्यासारखे आत झुकतात. कॅमेऱ्यातील चित्रपटल इमारतीला समांतर न राहिल्यामुळे हे घडते, आणि उपाय म्हणजे दूर जाणे. दूर गेले की मध्ये रिक्षा येते, रिक्षा गेली की कबुतरे येतात, कबुतरे उडाली की इराणी चहाची आणि उस्मानिया बिस्किटांची वेळ होते. वर्गाचा खरा लाभ या फेरीतच आहे, कारण परत आल्यावर दहा अनोळखी माणसांसमोर आपला झुकलेला मिनार पडद्यावर लावावा लागतो. साठ वर्षांच्या माणसाची धडकी तीच असते, शुल्काची नव्हे; पस्तीस वर्षे इतरांच्या कागदांवर शेरे मारलेल्या हातास आता शेरा घ्यावयाचा असतो.

येथे सौभाग्यवतींचे मत नोंदवणे भाग आहे. ‘अहो, जायचं तर जा, नाहीतर तो कॅमेरा तरी मला द्या,’ एवढेच ते असते. १८९२ साली याच शहरात दीनदयाळांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका युरोपीय बाईंच्या हाती होता, ही माहितीही बहुधा त्यांच्याकडूनच मिळते, आणि घरातले पाहण्याजोगे सर्व फोटो त्यांच्याच फोनमधले असतात याकडे चर्चेत कोणी लक्ष वेधत नाही.

अखेरीस फोन होतो. हैदराबादी दखनीत मराठी माणसाला एक सोय आहे: तेथला ‘नक्को’ मराठी ‘नको’तून आलेला आणि ठासून सांगण्याचा ‘च’सुद्धा मराठीच, त्यामुळे मातृभाषेत नकार देऊनही तो स्थानिक ठरतो. मात्र ‘परसों’ या शब्दाबाबत सावध राहावे लागते, कारण इतरत्र त्याचा अर्थ परवा असला तरी येथे तो कालपासून दहा वर्षांपूर्वीपर्यंतच्या कोणत्याही दिवसास लागू पडतो. चौकशी केली असता पलीकडून उत्तर येते, ‘बॅच तो परसोंच शुरू हो गई ना, साब.’ अधिकारी ‘हौ’ म्हणून फोन ठेवतो आणि आपला पहिला धडा बुडाला की सगळा वर्गच मागल्या वर्षी होऊन गेला, हे पुन्हा फोन करून विचारावे की न विचारावे, या विचारात बसतो.