हंडा-अनुभव (कर वेगळे)

भातसा, तानसा, मोडकसागर. मुंबईची तहान भागवणारी ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या नव्या आलिशान रिसॉर्टात आम्ही ऐन मे महिन्यात दोन रात्री राहिलो. खोलीतून थेट तरणतलावात पाय सोडता येतात. दाराशी चिंचेनं घासलेला पितळी हंडा, आत गुलाबाच्या पाकळ्या. ग्रामीण संस्कृतीविषयीची ही तळमळ पाहून ऊर भरून आला. एकच नम्र सूचना केली : पाहुण्यांना डोक्यावर हंडा घेऊन दोन किलोमीटर चालायचा अनुभवही द्यावा; जीएसटी वेगळा.

"कल्पना छान आहे सर," व्यवस्थापक म्हणाले, "पण त्या वाटेवर पहाटेपासून गर्दी असते."

तेवढ्यात तलाव भरायला टँकर आला. मागोमाग हंडे घेऊन ती गर्दीही आली. तिला फाटकावरच थांबवलं. तलावावर पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे.