तात्यांची सतरंजी

डिसेंबर लागला की आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन गोष्टी उन्हात पडतात. एक आवळासुपारी आणि दुसरी तात्यांची सतरंजी. आवळासुपारी दरवर्षी नवी असते. सतरंजी तीच, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एका कोपऱ्यात चहाचा डाग असलेली. तो डाग कोणत्या साली पडला, कोणाच्या कोपराने पडला आणि त्या वेळी व्यासपीठावर कोण बसलं होतं, हे तात्या बिनचूक सांगतात. गाणं काय चाललं होतं, हे मात्र आपण विचारू नये.

सतरंजी येरवड्याच्या कैद्यांनी विणलेली आहे. "जन्मठेपेचं काम आहे, त्यात घाई नाही," असं तात्या कौतुकाने सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते तबल्याबद्दल बोलतायत की विणकामाबद्दल, हे क्षणभर कळत नाही.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. तात्यांचा जन्मही त्याच सालचा. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असा त्यांचा मनातून समज आहे. वीज मंडळात पस्तीस वर्षं नोकरी करताना त्यांनी दरवर्षी डिसेंबरात पोट बिघडवून घेतलं. साहेबांनाही ते ठाऊक होतं, कारण साहेबांचंही पोट त्याच दिवसांत बिघडायचं आणि दोघं वड्याच्या स्टॉलवर भेटायचे.

पुण्यात कोणी 'महोत्सवाला' जात नाही. 'सवाईला' जातात. आणि सवाईला जाणं म्हणजे तात्यांच्या मते आधी जागा धरणं. गाणं नंतर. दार उघडल्याबरोबर खांद्यावर गुंडाळी घेतलेले तात्या भारतीय बैठकीच्या दिशेने जे सुटतात, ते पाहिलं की हा माणूस एरवी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतो, हे खरं वाटत नाही. ठरलेल्या खांबापाशी पोचले की एका झटक्यात सतरंजी हवेत उघडते आणि जमिनीवर पडायच्या आत तिच्या तीन कोपऱ्यांवर थर्मास, डबा आणि चपलांची पिशवी आलेली असते. चौथ्या कोपऱ्यावर मी. गेली वीस वर्षं माझं संगीतातलं स्थान हे आहे.

त्यांच्यापाशी एक डायरी असते. जाणकार लोक डायरीत राग, ताल, बंदिशी टिपून ठेवतात. तात्यांच्या डायरीतली एखादी नोंद अशी असते: 'खांब डावीकडचा. चहा पाणचट. मागे खोकला (बाई). हार्मोनियम उत्तम, वाजवणाऱ्याचा शर्ट भडक. वडा दोन.' नवा गायक बसला की तात्या उठतात. "नव्याला जरा स्थिरावू द्यावं," असं म्हणून ते बाहेर जातात आणि तो स्थिरावून, रंगून, टाळ्या घेऊन उठला की ओठ पुसत परत येतात. "कसा झाला?" असं मलाच विचारतात आणि मी काही बोलायच्या आत शेजारच्यांना सांगतात, "बरा आहे. अजून पिकायला हवा."

राग ओळखण्याची त्यांची स्वतःची पद्धत आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत सूर तेच. फरक सगळा चालण्यात आणि कुठल्या सुरावर रेंगाळायचं त्यात. अशा वेळी भले भले गप्प बसतात. तात्या डोळे मिटून म्हणतात, "पूरिया. पण मारव्याच्या अंगानं." कलावंताने शेवटी सोहनी असल्याचं सांगितलं तर म्हणतात, "तेच म्हटलं मी. वर चढत होताच तो." आणि काहीच सुचलं नाही तर 'जोडराग' हा शब्द आहेच. त्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचं. तात्या त्या रात्रींबद्दल बोलू लागले की डोळे ओलावतात, पण कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं की ते मुख्यतः झोपेबद्दल बोलतायत. विलंबित एकतालात एक आवर्तन इतकं लांब असतं की त्यात एक छोटी डुलकी सहज बसते आणि समेवर मान खाली येतेच. ती दाद आहे की झोप, हे गवयालाही कळत नाही. "पहाटे थंडीत शाल ओढून पडलेलो असायचो आणि ललतानं जाग यायची. आता गजर लावावा लागतो," असं ते म्हणतात. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाला कर्णे बंद करायची वेळ आली आणि मध्यरात्रीच्या, पहाटेच्या रागांची पंचाईत झाली. दरबारी साडेआठला, वाहनांच्या हॉर्नमध्ये कोण ऐकणार? एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते, मध्यंतरी सकाळचं सत्रही असायचं. पण तात्यांचं म्हणणं, सकाळी आंघोळ करून ऐकलेला भटियार आणि रात्रभर जागून अंगावर आलेला भटियार एक नव्हेत. हे त्यांचं एकमेव सांगीतिक मत मला मनापासून पटतं.

२०१८ मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. सदाशिव पेठेतल्या माणसाने मुकुंदनगरला जायचं म्हणजे तो तात्यांचा पहिला परदेशदौराच. आदल्या दिवशी ते रस्ता पाहून आले. पण एकदा लकडी पूल सोडून दुसऱ्या दिशेनेही जगता येतं हे कळल्यावर त्यांची भीड चेपली आणि सतरंजी देशोदेशी निघाली.

ग्वाल्हेरला तानसेन समारोहात ते समाधीशेजारच्या चिंचेचा पाला खाऊन आले. तो खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मूठभर पाला रुमालात बांधून काकूंसाठीही आणला. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "अहो, कोवळा चिगूर असता तर आमटी तरी केली असती. हा जून पाला काय कामाचा?" डोव्हर लेनला कोलकात्यात बंद सभागृह, त्यामुळे अजून रात्रभर मैफल चालते. तात्या आनंदाने गेले, माकडटोपी घातलेल्या रसिकांच्या रांगेत बसले आणि साडेदहालाच झोपले. चारला उठून त्यांनी शेजारच्याला "अप्रतिम!" असं सांगितलं. जालंधरच्या हरवल्लभ संमेलनाबद्दल, जे १८७५ पासून चालू आहे, त्यांचं मत थंडीबद्दल होतं.

मद्रासचा मामला मात्र वेगळा. (चेन्नई म्हणायला ते तयार नाहीत. 'सीझन मद्रासचाच.') इकडे सवाई उरकलं की तिकडे मार्गळी महिन्यातल्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, ऐन भरात आलेल्या असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत, एका सभेतून दुसऱ्या सभेत, रिक्षाने. दुपारच्या होतकरू गायकांच्या मैफली पुष्कळदा फुकट. आणि प्रत्येक मोठ्या सभेचं स्वतःचं कँटीन. गाण्याइतकीच कँटीनची चर्चा, यंदा अमुक सभेचा आचारी बदलला, काशीहलव्यात तूप कमी पडलं, वगैरे. तात्यांना आयुष्यभर ज्यांचा शोध होता ते लोक भेटले होते. मृदंगम् आणि घटम् यांचं 'तनि आवर्तनम्' सुरू झालं की निम्मं सभागृह फिल्टर कॉफीकडे निघतं, हे पाहून त्यांना भरून आलं. "आपल्याकडे याला अरसिक म्हणतात. तिथे परंपरा आहे."

पण तिथेच त्यांच्यावर मोठा अन्यायही झाला. शेजारी एक मामा बसले होते, मांडीवर हात आपटत. आधी तात्यांना वाटलं डास आहेत. मग कळलं, आदितालाचे आठ मोजतायत. तात्या बोटांच्या पेरांवर तीनतालाचे सोळा मोजत होते, त्यामुळे मामांच्या दोन समांना तात्यांची एक मान हलत होती. गाणं सुरू झालं. तात्यांनी डोळे मिटले आणि पाचव्या सेकंदाला म्हणाले, "मालकंस." मामा शांतपणे म्हणाले, "हिंडोलम्." तात्या म्हणाले, मालकंस. मामा म्हणाले, हिंडोलम्. दोन्हींचे सूर तेच आहेत. इकडे एक नाव, तिकडे दुसरं. म्हणजे दोघंही बरोबर होते आणि म्हणूनच भांडण मिटेना. अंगानं नाही, जोडराग नाही, सरळ एकच नाव घेऊन तात्यांचा राग आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आला होता आणि तो मान्य करायला त्या सभागृहात कोणी नव्हतं. हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज चढतो.

मग लंडन. मुलगी हॅरोला राहते. ती कित्येक वर्षं बोलावत होती, पण उन्हाळ्यात तिथे 'प्रॉम्स' असतात हे कळल्यावरच तात्यांनी पासपोर्ट काढला. विमानतळावर सतरंजीची गुंडाळी यंत्रातून गेली आणि तिथल्या अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं. तात्यांनी खरं ते सांगितलं. "सीट."

रॉबर्ट न्यूमनने हेन्री वूड नावाच्या कंडक्टरला हाताशी धरून १८९५ साली लोकांना स्वस्तात उत्तम संगीत ऐकवायचं म्हणून ही प्रथा सुरू केली. मूळचा क्वीन्स हॉल १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात गेला, तेव्हापासून मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात. ("आम्ही रमणबाग सोडली ती बॉम्ब न पडता," ही तात्यांची त्यावरची टीप.) आठेक पौंडांत उभ्याने ऐकायचं तिकीट मिळतं. सगळ्यात वरच्या गॅलरीत गेलात तर लोक चादरी अंथरतात, पुस्तक काढतात, सरळ आडवे होतात. जावयाने हे सांगितलं तेव्हा तात्यांनी एकदाच विचारलं, "खांब आहेत?"

आहेत. तात्यांनी सतरंजी झटकली, टेकून बसले, वर पाहिलं. घुमणारा आवाज आवरावा म्हणून तिथे छताला मोठमोठ्या तबकड्या टांगल्या आहेत. इंग्रज त्यांना मशरूम म्हणतात. तात्यांना ते वाळत घातलेले पापड वाटले. समोर वूडसाहेबांचा अर्धपुतळा. "संस्थापकाला समोर ठेवून गातात. घरंदाज आहेत." पियानोचं झाकण उचलताना खालचे रसिक "हीव्ह!" असं ओरडले, वरच्यांनी "हो!" अशी साथ दिली. तात्यांनी पट्टी पकडून "हेइसा!" केलं. पियानोवर सूर मिळवण्यासाठी एकच स्वर वाजवला गेला आणि उभ्या गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. तिथली ती जुनी थट्टा आहे. तात्यांना थट्टा कळली नाही. तंबोरा लागल्यावर दाद देणारे लोक शेवटी भेटले म्हणून ते गहिवरले.

मुलीने घरून निघताना बजावलं होतं, "बाबा, मध्ये बोलायचं नाही." पण पियानोच्या त्या रचनेच्या दुसऱ्या भागात, जिथे सगळं संथ होतं आणि एकटी क्लॅरिनेट बोलू लागते, तिथे तात्या बोलले. "क्या बात है!" मोठ्याने नाही. खांबाला टेकून म्हणतात तसंच. पण तिथे तेवढं पाच हजार लोकांना पुरतं. एका आजीबाईंनी मान वळवून ओठांवर बोट ठेवलं. भाग संपला, टाळी नाही, आणि सगळं सभागृह एकदम खोकलं. हे सगळ्यात विचित्र. "अरे, इतका वेळ खोकला धरून ठेवायचा आणि दादही धरून ठेवायची, मग शेवटी सगळं एकदम चुकतं करायचं. आपला रोखीचा व्यवहार बरा," असं ते परत आल्यावर म्हणाले. त्या दिवसाच्या डायरीत लिहिलंय: 'खांब चांगला. बाई शिष्ट. वडा नाही.'

यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली, काकूंनी खुर्चीचं तिकीट काढलं. तात्यांनी ते मुकाट्याने खिशात घातलं आणि आत शिरल्यावर खुर्चीवर रुमाल टाकून थेट खांबाकडे गेले. मी आणि शेजारच्या एकाने धरून त्यांना सतरंजीवर उतरवलं. चार वाजले होते.

पहिलं गाणं संपल्यावर ते उठायला गेले आणि उठले नाहीत. गुडघे होते तिथेच राहिले. "असू दे," म्हणाले. दुसरी गायिका नवी होती. पंचविशीची असेल. तळणाचा वास येत होता. तात्यांनी दोनदा नाक वर केलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आणू का विचारलं तर हाताने थांबवलं. मग मीच बाहेर जाऊन आलो. आलो तेव्हा ते तसेच बसले होते, डोळे उघडे, बोटं पेरांवर नाहीत, मांडीवर सैल. शेजारच्याने काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

रात्री दहाला चौघांनी मिळून त्यांना उठवलं. "हेइसा" त्यांनीच म्हटलं. सतरंजी मी गुंडाळली. खुर्चीवरचा रुमाल कोणीतरी नेला होता.

रिक्षात, अलका चौकाच्या सिग्नलला, ते म्हणाले, "ती दुसरी मुलगी. चांगली गायली रे."

"काय गायली तात्या?"

तात्या बराच वेळ सिग्नलकडे बघत राहिले. "अरे, ते बघायचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तेव्हा डायरी टेबलावर उघडीच होती. तारीख घातलेली, खाली तीन शब्द. 'वडा खाल्ला नाही.'