चालू गाडीची यात्रा

दाभोळ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते एन्रॉनमुळे. पण एन्रॉनचा तो वीजप्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला आहे. दाभोळच्या वाट्याला आली ती नुसती बदनामी, आणि फेरीबोट. वासिष्ठीच्या मुखावर ही बोट माणसं, मोटरसायकली, गाड्या आणि मासळीचे टेम्पो पोटात घेऊन पलीकडे धोपाव्याला टाकते. रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा पडतो, म्हणून बोटीला गर्दी असते.

गाडी माझ्या साडूंची होती. साडूंचं गाडीवर प्रेम आहे आणि गाडीच्या चावीवर त्याहून जास्त. त्या चावीच्या जुडग्यात घराच्या चाव्या, ऑफिसच्या कपाटाच्या चाव्या, गॅरेजच्या कुलपाची चावी (गॅरेज विकून कैक वर्षं झाली), अष्टविनायकाचं पितळी पदक, नेलकटर आणि एक छोटी टॉर्च होती. हे सगळं इग्निशनमधून लोंबायचं आणि वळणावर साडूंच्या गुडघ्यावर आपटायचं. बरोबर मेव्हणी, बायको आणि सासूबाई. सासूबाई पुढच्या सीटवर, कारण मागे त्यांना ‘ढवळतं’.

बोटीवर गाडी लावणं ही स्वतंत्र विद्या आहे. खलाशी समोर उभा राहून हाताने हवा कापतो आणि ओरडतो, “काटा! काटा! आजून काटा! फुल काटा! बस्स!” साडूंनी मिशीत हसत फुल काटा मारला. आमची गाडी अगदी पुढच्या फळीच्या तोंडाशी, चाकं एका कुशीला वळलेली, अशी थांबली. साडूंनी चावी काढली, जुडगा खिशात घातला, विजार तेवढ्यापुरती एका बाजूने उतरली, आणि आम्ही खाडी बघायला कठड्याशी गेलो.

धोपाव्याला फळी पडली. मोटरसायकली भुर्रकन गेल्या. साडूंनी चावी घातली आणि फिरवली. म्हणजे साडू फिरले; चावी फिरली नाही.

“उलटी घातलीत का?” मेव्हणी म्हणाली.

नवऱ्याला गाडीबद्दल विचारू नयेत अशा प्रश्नांत हा वरचा आहे.

एव्हाना मागे हॉर्न सुरू झाले होते. आमच्यामागे सगळी बोट. आम्ही हललो नाही तर कोणीच हलणार नव्हतं, आणि समोरच्या जेटीवर दाभोळला जाणाऱ्यांची रांग आमच्याकडे टक लावून पाहत होती. खलाशी आला. “ओ, गाडी काढा पयली!”

“चावी फिरत नाहीये.”

“मग ढकला!”

पण ढकलणार कुठे? चावी काढल्यावर स्टिअरिंग जरा हललं, की त्याच्या दांड्यातल्या खाचेत एक पोलादी खुंटी शिरते आणि चाकं आहेत त्याच कोनात अडकून बसतात. आमची चाकं फुल काट्यात होती. गाडी ढकलली असती तर ती जेटीवर न जाता सरळ वासिष्ठीत गेली असती. खलाशाने चाकांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि ढकलण्याचा प्रस्ताव मागे घेतला.

मग सल्लागार मंडळ जमलं. मराठी माणूस बंद पडलेल्या गाडीजवळ कधीही एकटा नसतो. एक गृहस्थ म्हणाले, बॅटरी उतरली. दुसरे म्हणाले, पेट्रोल पंपात कचरा. वास्तविक इंजिन, बॅटरी, पेट्रोल सगळं ठणठणीत होतं. अडलं होतं ते अंगठ्याएवढ्या एका नळकांड्यात. त्या नळकांड्यात पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे एक स्प्रिंग. चावीवरचे दाते या पट्ट्यांना बरोबर हव्या त्या उंचीवर आणून उभं करतात आणि मगच आतला भाग फिरतो. एका पट्टीने जरी मान वर काढली तरी सगळं ठप्प. शंभर घोड्यांची ताकद बॉनेटखाली आणि तिला अडवणारी ही कागदाइतकी पातळ पट्टी. हाउसिंग सोसायटीच्या सभेत एक सभासद हरकत घेतो ना, तसं.

कठड्याजवळच्या एका बाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. मी नको म्हणालो. कुलपात तेल घातलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण पुढे त्यावर कोकणातली तांबडी धूळ बसते आणि आत चिखल होतो. कुलपाला कोरडं ग्रॅफाइट लागतं. काही नसेल तर पेन्सिलीचं शिसं चावीवर घासावं. हे सांगताच शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीने कंपास उघडून पेन्सिल पुढे केली. साडूंनी चावी काळी केली, बोटं काळी केली, आणि घाम पुसताना कपाळही. चावी फिरली नाही.

“जुडगा काढा तो,” मी म्हणालो. “वजनाने कुलूप झिजतं.”

“जुडग्याचा काय संबंध?”

संबंध होता. २०१४ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सुमारे सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या, त्या चावीच्या स्विचसाठी. तिथे रोग उलटा होता: स्विच इतका सैल की जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने चावी चालत्या गाडीत मागे फिरायची, इंजिन बंद, आणि धडकेत एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले, त्यामुळे त्यावर विनोद करवत नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं होतं ते एवढंच: जुडग्यातलं सगळं काढा, नुसती चावी ठेवा. मी हे बोटीवर थोडक्यात सांगितलं. साडू म्हणाले, “अष्टविनायक काढू?” पुढे बोलणं खुंटलं.

शेवटी मागच्या मासळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून आला. त्याचा बर्फ वितळत होता, त्यामुळे त्याला गप्पांत रस नव्हता. त्याने साडूंना हाताने बाजूला केलं, चाकांकडे नजर टाकली आणि म्हणाला, “टायर पिळवटल्यात. खुंटीवर लोड आलाय.” एका हाताने स्टिअरिंग चाकांच्या रोखाने खेचून धरलं, दुसऱ्या हाताने चावी अलगद फिरवली. कट्ट! गाडी सुरू झाली. बोटीवर टाळ्या पडल्या. फुल काटा मारून थांबलेल्या गाडीची रबरी चाकं सुटायला बघतात आणि त्यांचा सगळा जोर त्या खुंटीवर येतो, हे कंपनीच्या जाडजूड पुस्तकात आहे. ते पुस्तक साडूंच्या डॅशबोर्डात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मूळच्या सीलसकट आहे.

खरी यात्रा इथून सुरू झाली. गुहागरला व्याडेश्वराच्या देवळाशी गाडी लावली तेव्हा लक्षात आलं की चावी आता मागे येत नाही. पुढे फिरते, स्टार्टर मारते, पण बंद होत नाही. म्हणून दर्शन पाळीने. दोघे देवळात, बाकीचे चालू गाडीत. पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला, “गाडी बंद करा.” साडू म्हणाले, “होत नाही.” मुलाने नोझल पाठीमागे लपवलं. मग साडूंनी चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि क्लच सोडला. गाडी आचके देऊन मेली. इंजिन मेलं, पण पंखा, रेडिओ आणि डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे जिवंत. मुलाने लांबूनच हात ताणून पेट्रोल भरलं.

वाटेत कोणीतरी अंजनवेलच्या वीजप्रकल्पाचा विषय काढला. तो प्रकल्प १९९९ मध्ये चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. “त्यांना बंद तरी करता आला,” साडू म्हणाले.

वेळणेश्वरला माडांच्या सावलीत गाडी घरघरत राहिली आणि आम्ही पाळीपाळीने समुद्र पाहिला. वेळणेश्वरला माडांच्या सावलीत गाडी घरघरत राहिली आणि आम्ही पाळीपाळीने समुद्र पाहिला. तवसाळला पुन्हा फेरीबोट, पलीकडे जयगड. खलाशाने “काटा!” म्हणताच साडूंनी काच खाली करून त्याला हात जोडले.

गणपतीपुळ्याला रात्र काढायची होती. पंपावरच्या मुलाने सांगून ठेवलं होतं, की रात्री बॅटरीची वायर सोडा, नाहीतर सकाळी बॅटरीही गेलेली असेल. वायर सोडली. पण चावी कुलपातच, आणि तिच्याबरोबर साडूंच्या घराच्या, ऑफिसच्या आणि विकलेल्या गॅरेजच्याही चाव्या. अमेरिकेने १९७० च्या सुमारास गाड्यांना असं चोरविरोधी कुलूप सक्तीचं केलं, आणि पुढे जगभर ते रूढ झालं. चोराने चावीशिवाय गाडी नेऊ नये, हा त्यातला विचार. आमच्याकडे चोराला चावी आयती होती. त्याला फक्त एक दहाचा पाना लागला असता. म्हणून साडू गाडीत झोपले. पहाटे प्रदक्षिणा घालणाऱ्या लोकांनी डोंगराला वळसा घालून येताना काचेतून त्यांना पाहिलं, कपाळ काळं, छातीवर पाना, आणि काहींनी चुकचुक केली.

सकाळी रत्नागिरीत चावीवाला सापडला. रस्त्याकडेची टपरी, वर लोंबणाऱ्या शेकडो कोऱ्या चाव्या. त्याने स्टिअरिंगखालचं आवरण सोडवलं, एक बारीक तार आत घातली, नळकांडं अख्खं बाहेर ओढलं आणि वर्तमानपत्रावर उलटं आपटलं. आतून लाल-पिवळा लगदा पडला. त्याने बोटावर घेऊन हुंगला.

“हळदकुंकू,” तो म्हणाला. “तेलात भिजलेलं. आणि ह्यो तांदूळ.”

अक्षतेचा एक दाणा स्प्रिंगमागे ताठ उभा होता.

दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा सासूबाई करतात. बॉनेटला पाच बोटं, चाकांखाली लिंबू, आणि ‘गाडीचं खरं तोंड हेच’ म्हणून चावीच्या भोकाला हळदकुंकू, अक्षता आणि निरांजनातल्या तेलाचं बोट. सगळे सासूबाईंकडे पाहायला लागले. त्या जराही डगमगल्या नाहीत.

“बघा,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर इतकी वर्षं गाडी चोरीला गेली नाही.”

चावीवाल्याने पट्ट्या पुसल्या, दोन नव्या घातल्या, नळकांडं परत बसवलं आणि चावी फिरवून दाखवली. पुढे, मागे, बंद. रेडिओ गप्प झाला. साडूंनी पैसे दिले आणि सगळ्यांच्या देखत जुडग्यातून गॅरेजची चावी काढून टपरीवाल्याला भेट दिली. अष्टविनायक राहिले.

तेवढ्यात सासूबाईंनी पर्सची चेन उघडली आणि करंडा बाहेर काढला. साडूंच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंना कधी शब्दाने अडवलेला मनुष्य नव्हे तो. साडू गाडीच्या दारात आडवे उभे राहिले.

“आई,” ते म्हणाले, “या खेपेला टायरला लावा.”