ढाल दिसेना

संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खाली, घड्याळाच्या शेजारी जी चिल्लीपिल्ली चिन्हं दाटीवाटीनं बसलेली असतात, त्यांच्याकडे माणूस वर्षानुवर्षं ढुंकूनही बघत नाही. त्यांच्यातच अँटीव्हायरसची ती एवढीशी ढाल असते. ती काय करते, कधी करते, करते तरी का, कुणी विचारत नाही. पण एखाद्या सकाळी ती जागेवर नसली की जीव खालीवर होतो. जुन्या घरांत ओसरीवरच्या आजोबांच्या खोकल्याचं असंच असायचं. रात्रभर चालला तर सगळे वैतागायचे. तासभर थांबला की कुणीतरी दबक्या पावलांनी जाऊन श्वास चालू आहे ना, ते बघून यायचं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. मध्यंतरी त्यांची ढाल गेली. मी वर पोचलो तेव्हा त्यांनी राउटर बंद केला होता, मोबाइलचं नेट बंद केलं होतं आणि खबरदारी म्हणून प्रिंटरची वायरसुद्धा काढून ठेवली होती. काकू शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना आत फिरकायची मनाई होती.

पहिला संशय नेहमी त्या छोट्या वर-बाणावर घ्यावा. विंडोज ७ पासून नव्या चिन्हांची रवानगी परस्पर त्या बाणामागच्या कप्प्यात होते, आणि निम्म्या हरवलेल्या ढाली तिथंच सापडतात. काकांची तिथं नव्हती.

मग मी त्यांना जे सांगितलं ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ढाल दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि राखण करणारा वेगळा. राखण करणारा म्हणजे सर्व्हिस. ती तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच कामाला लागते आणि पडद्यावर तोंड दाखवत नाही. ढालवाला नंतर येतो आणि कोपऱ्यात चित्र लावून बसतो. आता खालची ती पट्टी स्वतः ‘एक्सप्लोरर’ नावाच्या प्रोग्रॅमची. तो मधेच कोसळला की पट्टी जाते आणि चिन्हंही जातात. थोड्या वेळानं तो उठतो, नवी पट्टी मांडतो आणि ‘पट्टी तयार आहे, या’ अशी दवंडी पिटतो. ज्यांनी ऐकली ते परत येऊन बसतात. ज्यांनी नाही ऐकली ते काम करत असतात, फक्त दिसत नाहीत. सरकारी कचेरीत नेमकं याच्या उलट असतं, पण तो विषय वेगळा.

मी सर्व्हिसेसची यादी उघडून काकांना त्यांच्या अँटीव्हायरसच्या नावापुढचं ‘रनिंग’ दाखवलं. काकांनी चष्मा वर केला.

“हे कोण म्हणतंय?”

“यादी म्हणतेय.”

“म्हणजे हजेरीपट आहे. हजेरीपटावर सही असलेले किती जण खुर्चीत असतात, ते मला विचारा. कॅश मोजल्याशिवाय मी जन्मात सही केली नाही.”

काकांचं बरोबर होतं. चिन्ह नसलं म्हणजे राखण बंद, असं नाही. तसंच ते आहे म्हणून राखण चालू, असंही नाही. काही व्हायरस आत शिरल्या शिरल्या आधी अँटीव्हायरसचाच गळा धरतात. आणि मध्यंतरी खोट्या अँटीव्हायरसची मोठी साथ येऊन गेली. त्यांची ढाल तर खऱ्यापेक्षा चकचकीत असायची. ‘तुमच्या संगणकात शेकडो व्हायरस आहेत, पैसे भरा’ असं बजावणारी ती ढाल हाच मुळात रोग होता.

तेव्हा कॅश मोजायची. त्यासाठी एक सोय आहे. ‘आयकार’ नावाच्या युरोपीय संस्थेनं अँटीव्हायरसवाल्यांच्या संगनमतानं ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. ती निरुपद्रवी आहे. जुन्या डॉसवर चालवली तर स्वतःचं नाव छापते आणि गप्प बसते. पण ती दिसली की व्हायरस दिसल्यासारखाच आरडाओरडा करायचा, असा अँटीव्हायरसवाल्यांचा आपसांत करार आहे. चोर आणून न बसवता पहारा तपासायची अशी व्यवस्था दुसऱ्या कुठल्या खात्यानं केलेली मी तरी पाहिली नाही.

ओळ माझ्या मोबाइलवर होती. काकांनी नोटपॅड उघडलं. मी सांगत गेलो, ते दोन बोटांनी टंकत गेले. “एक्स. पाच. ओ. उद्गारचिन्ह. पी. टक्के.” टक्क्यावर त्यांचा हात सफाईनं गेला. कंसांची भानगड पार पाडून, ओळ संपवून त्यांनी फाइल ‘आयकार डॉट कॉम’ या नावानं साठवली आणि आम्ही बघत राहिलो. काहीच झालं नाही. फाइल डेस्कटॉपवर निवांत बसून होती.

“गेलं,” काका म्हणाले. “खातं रिकामं आहे.”

मी ओळ पुन्हा तपासली. तिसरं अक्षर इंग्रजी ओ आहे, आणि काकांच्या हातून तिथं शून्य पडलं होतं. आयुष्यभर शून्यं मोजलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय पडणार? शून्याचा ओ केला आणि परत सेव्ह दाबलं. या खेपेला कोपऱ्यातून एक लाल चौकट सरसरत वर आली, धोका पकडल्याची ग्वाही देऊन विरली, आणि डेस्कटॉपवर जिथं फाइल होती तिथं नुसता गणपतीचा वॉलपेपर उरला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

मी लगेच सावध केलं, की यातून एवढंच कळलं की पहारेकरी जागा आहे. नवा, आजवर न पाहिलेला चोर तो ओळखेल का, ते या ओळीला सांगता येत नाही; त्यासाठी व्याख्या, म्हणजे त्याची रोजची अपडेट, ताजी आहे का ते वेगळं बघावं लागतं. काकांनी ते ऐकलं की नाही, शंका आहे. त्यांना आता इतिहास हवा होता. हा उद्योग मुळात सुरू कुणी केला?

पीसीवरचा पहिला व्हायरस ‘ब्रेन’ मानतात. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी तो लिहिला, आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. पुढे १९९० च्या दशकात पुण्यात दोघा भावांनी उलटा उद्योग मांडला. थोरल्या कैलास काटकरांचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं, धाकट्या संजयनी अँटीव्हायरस लिहिला, आणि त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. काकांना यातलं कॅल्क्युलेटर तेवढं भावलं.

संगणक बंद करून चालू केल्यावर ढाल परत आली. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तपासणी विभाग पुन्हा जागा झाला होता. त्यांनी ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सोसायटीतले सगळे संगणक तपासायचं ठरवलं. पण स्वतःच्या संगणकावर ती पेनड्राइव्हवर जाईपर्यंत टिकेना. मोठ्या मिनतवारीनं नातवाच्या जुन्या लॅपटॉपवरून ती घेतली, तर पहिल्याच घरात तिथल्या अँटीव्हायरसनं पेनड्राइव्हवरूनच ती पुसून टाकली. तपासणी यशस्वी, आणि तपासनीस रिकाम्या हातानं बाहेर. शेवटी काकांनी ती ओळ कागदावर उतरवून घेतली. बँकेचं वळणदार अक्षर, तिसऱ्या अक्षराभोवती लाल वर्तुळ आणि बाजूला टीप: ‘ओ. शून्य नव्हे.’ कागद कुठलाच अँटीव्हायरस खात नाही.

तो चिठोरा शर्टाच्या खिशात घेऊन ते तीन मजले फिरले. शर्ट धुवायला टाकताना काकूंना तो सापडला. इतकी विचित्र अक्षरं, वर लाल वर्तुळ, म्हणजे हा बँकेचाच पासवर्ड, हे त्यांनी ओळखलं आणि तो कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. किल्ली कुठं आहे, ते त्या काकांना सांगत नाहीत.